बोधचिन्ह रचना

बोधचिन्ह रचना किंवा लोगो डिझाइन म्हणजे एखाद्या संस्थेची, व्यवसायाची, उत्पादनाची अथवा उपक्रमाची ओळख पटविणारे दृश्य चिन्ह तयार करण्याची प्रक्रिया होय. ही प्रक्रिया बोधचिन्ह मागविणारा ग्राहक आणि ते तयार करणारा रचनाकार अशा दोन पक्षांमध्ये घडते. ग्राहकाची गरज समजून घेणे, अभ्यास, रेखाटन, अक्षररचना, निवड, चाचणी, हस्तांतरण आणि कायदेशीर नोंदणी हे तिचे प्रमुख टप्पे आहेत. प्रत्यक्ष चित्र काढणे हा त्यातील मधला भाग असतो. त्याआधी काय ठरले आणि त्यानंतर काय लिहून घेतले, यावर बोधचिन्हाचे यश आणि त्याची मालकी अवलंबून असते.

महाराष्ट्रात ही प्रक्रिया पूर्वी प्रामुख्याने मुंबई-पुण्यातील उद्योग, जाहिरातसंस्था आणि प्रकाशनसंस्थांपुरती मर्यादित होती. शेतकरी उत्पादक कंपन्या, वाइन उद्योग आणि फळप्रक्रिया उद्योग वाढल्यानंतर ग्रामीण भागातही बोधचिन्हाची गरज निर्माण झाली. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुका हे याचे एक उदाहरण आहे.

## संज्ञा आणि प्रकार

मराठीत 'लोगो' या शब्दासाठी 'बोधचिन्ह' हा शब्द रूढ आहे. 'मानचिन्ह' हा शब्द प्रामुख्याने शासकीय किंवा औपचारिक चिन्हासाठी, तर 'व्यापारचिन्ह' हा शब्द कायद्यातील 'ट्रेडमार्क' या अर्थाने वापरला जातो. बाजारात दीर्घकाळ 'छाप' हा शब्द प्रचलित होता. घोडा, उंट, सूर्य अशा चित्रांवरून माल ओळखला जाई आणि गिऱ्हाईक त्या चित्राच्या नावानेच माल मागत असे.

रचनेच्या दृष्टीने बोधचिन्हांचे पुढील प्रकार मानले जातात:

* अक्षरचिन्ह – संस्थेचे पूर्ण नाव विशिष्ट वळणाच्या अक्षरांत लिहिलेले असते.
* आद्याक्षरचिन्ह – नावातील पहिल्या एक किंवा अधिक अक्षरांपासून तयार केलेले चिन्ह.
* चित्रचिन्ह – ओळखता येईल अशा वस्तूचे, प्राण्याचे वा वनस्पतीचे सुलभीकृत चित्र.
* अमूर्त चिन्ह – कोणत्याही वस्तूचे थेट चित्र नसलेला आकार.
* संयुक्त चिन्ह – चित्र आणि नाव यांची जोडी. प्रसंगानुसार दोन्ही भाग स्वतंत्रपणेही वापरता येतात.

बोधचिन्ह आणि शुभंकर यांत फरक आहे. शुभंकर हे पात्र असते. ते वेगवेगळ्या वेशांत आणि कृतींत दाखवता येते. बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी १९४६ मध्ये घडविलेला एअर इंडियाचा 'महाराजा' हा शुभंकर होय. याउलट बोधचिन्हाचे रूप सर्वत्र एकसारखे राहणे अपेक्षित असते.

## पार्श्वभूमी

मालावर किंवा दस्तऐवजावर ओळखीची खूण उमटविण्याची प्रथा प्राचीन आहे. नाणी, शिक्के आणि राजमुद्रा ही तिची रूपे होत. छत्रपती शिवाजी महाराजांची अष्टकोनी राजमुद्रा हे मराठी इतिहासातील सर्वपरिचित उदाहरण आहे. मुद्रेचा विशिष्ट आकार, त्यातील मजकूर आणि तिचा वापर करण्याचा अधिकार या तिन्ही बाबी निश्चित असत. आधुनिक बोधचिन्हाबाबतही याच तीन बाबी ठरवाव्या लागतात.

औद्योगिक काळात या खुणांना कायद्याचे संरक्षण मिळू लागले. ब्रिटनमध्ये १८७६ मध्ये नोंदले गेलेले पहिले व्यापारचिन्ह बास या मद्यनिर्मिती कंपनीचा लाल त्रिकोण हे होते. जर्मनीत पीटर बेरेन्स यांनी १९०७ पासून एईजी या वीज कंपनीसाठी बोधचिन्ह, अक्षरे, जाहिराती, वस्तू आणि इमारती यांचे एकसूत्री रूप घडविले. संस्थेची संपूर्ण दृश्य ओळख एका विचाराने आखण्याचे ते आरंभीचे उदाहरण मानले जाते. भारतात व्यापारचिन्हांसाठीचा पहिला स्वतंत्र कायदा १९४० मध्ये झाला. त्यानंतर १९५८ आणि १९९९ मध्ये नवे कायदे करण्यात आले.

मुंबईत कापडाच्या ताग्यांवर चिकटवली जाणारी रंगीत चित्रपत्रे, शिळाछापावरील लेबले आणि आगपेट्यांवरील चित्रे यांतून छापचिन्हांची परंपरा वाढली. दांडेकर कुटुंबाने १९३१ मध्ये सुरू केलेल्या शाईच्या व्यवसायात घोडा आणि उंट ही चित्रे वापरली गेली. पुढे कॅम्लिन हे नाव उंटाच्या चित्राशी कायमचे जोडले गेले.

या कामाचे औपचारिक शिक्षण मुंबईच्या सर ज. जी. उपयोजित कला संस्थेत, अहमदाबाद येथे १९६१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आणि आयआयटी मुंबईत १९६९ मध्ये सुरू झालेल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात उपलब्ध झाले. राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील शेखर कामत यांनी तयार केलेले भारतीय स्टेट बँकेचे निळ्या वर्तुळाचे बोधचिन्ह १९७१ पासून वापरात आहे.

## शेतमाल आणि बोधचिन्ह: दिंडोरी तालुका

दिंडोरी तालुका नाशिक जिल्ह्याच्या द्राक्षपट्ट्यात मोडतो. येथील द्राक्षे देशांतर्गत बाजाराबरोबर युरोप आणि इतर परदेशी बाजारपेठांत जातात. तालुक्यातील मोहाडी येथे विलास शिंदे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली 'सह्याद्री फार्म्स' ही शेतकरी उत्पादक कंपनी आहे. मोएट हेनेसी समूहाच्या 'शांदों' या फसफसत्या वाइनचा भारतातील प्रकल्पही याच तालुक्यात आहे.

द्राक्षे बागेतून बाहेर पडली की एका शेतकऱ्याचा माल दुसऱ्यापासून नुसत्या डोळ्यांनी वेगळा ओळखता येत नाही. खोक्यावर ज्याचे चिन्ह असते, त्याच्या नावाने माल ओळखला जातो. निर्यातीच्या मालाचा माग काढण्यासाठी 'अपेडा' या केंद्रीय संस्थेने २००६ मध्ये 'ग्रेपनेट' ही प्रणाली सुरू केली. त्यामुळे माल कोणत्या बागेतून आला हे नोंदींवरून शोधता येते. मात्र नोंदणी क्रमांक तपासणीसाठी असतो, तो दुकानातील गिऱ्हाइकाच्या स्मरणात राहत नाही. स्मरणात राहण्याचे काम नाव आणि बोधचिन्ह करतात. म्हणून स्वतःच्या नावाने माल विकू पाहणाऱ्या उत्पादकगटासाठी बोधचिन्ह हा व्यवसायातील मूलभूत निर्णय ठरतो.

स्थळाचे नावही ओळखीचा भाग होऊ शकते. नाशिकच्या 'सुला' या वाइन कंपनीचे नाव संस्थापक राजीव सामंत यांच्या मातोश्री सुलभा यांच्या नावावरून आले असून, मिशीधारी हसरा सूर्य हे तिचे चिन्ह आहे. याच कंपनीच्या एका वाइनमालिकेचे नाव 'दिंडोरी रिझर्व्ह' असे आहे. त्यात कंपनीचे चिन्ह कायम राहते आणि गावाचे नाव त्या मालिकेची ओळख सांगते.

## प्रक्रिया

### गरज समजून घेणे

कामाची सुरुवात ग्राहकाशी होणाऱ्या सविस्तर चर्चेने होते. तिचा लेखी सारांश व्यवसायात 'ब्रीफ' या नावाने ओळखला जातो. त्यात पुढील बाबी असतात:

* संस्था काय करते आणि पुढील काही वर्षांत काय करू इच्छिते;
* बोधचिन्ह कोण पाहणार: घाऊक व्यापारी, परदेशी खरेदीदार, शहरातील कुटुंब की संस्थेचे सभासद;
* ते कुठे वापरले जाणार: खोके, लेबल, वाहन, फलक, पावतीपुस्तक, मोबाइलचा पडदा;
* कोणत्या भाषांत आणि लिपींत नाव लागणार;
* मुदत, मोबदला, दुरुस्तीच्या फेऱ्या आणि अंतिम निर्णय घेणारी व्यक्ती वा समिती.

यातील शेवटची बाब सर्वाधिक वेळा दुर्लक्षित राहते. उत्पादक कंपनीत संचालक मंडळ, सभासद शेतकरी आणि विपणन पाहणारे कर्मचारी यांची मते वेगवेगळी असू शकतात. निर्णय कोणाचा हे आधी ठरले नसल्यास प्रत्येक बैठकीत नवे मत येते आणि मूळ उद्दिष्ट बाजूला पडते.

मुदतीचा संबंध पीकचक्राशीही असतो. नाशिक भागात द्राक्षबागांची फळछाटणी साधारणतः सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते आणि मुख्य हंगाम जानेवारी ते एप्रिल या काळात असतो. छापील खोक्यांची मागणी हंगामापूर्वी नोंदवावी लागते. त्यामुळे बोधचिन्हाचा निर्णय लांबल्यास त्या वर्षीचा माल साध्या किंवा दुसऱ्याचे नाव असलेल्या खोक्यांतून पाठविण्याची वेळ येते.

### अभ्यास

दुसऱ्या टप्प्यात रचनाकार त्या व्यवसायातील प्रचलित चिन्हे, रंग आणि नावे गोळा करून त्यांची तुलना करतो. द्राक्षव्यवसायात हिरवा वा जांभळा घड, पान आणि उगवता सूर्य ही चित्रे वारंवार आढळतात. घडाचे चित्र मालाचा प्रकार सांगते, मात्र माल कोणाचा हे सांगत नाही. बाजारातील सर्व खोक्यांवर द्राक्षेच असल्याने ते चित्र वेगळेपण देण्यास असमर्थ ठरते.

या टप्प्यात स्थळभेटीला महत्त्व असते. पॅकहाउसमध्ये खोके कसे रचले जातात, त्यांची कोणती बाजू दिसते, शीतगृहातील ओलाव्याचा लेबलावर काय परिणाम होतो आणि वाहनात माल चढवताना छपाई घासली जाते का, ही माहिती कार्यालयातील चर्चेतून मिळत नाही. मिळतीजुळती चिन्हे आधीच नोंदलेली आहेत का, हे व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर याच वेळी तपासले जाते. तेथे शब्द, उच्चारसाम्य आणि चित्रातील घटक यांनुसार शोध घेण्याची सोय आहे.

### कच्ची रेखाटने

अभ्यासानंतर कागदावर पेन्सिलीने लहान आकाराची अनेक रेखाटने केली जातात. या अवस्थेत संगणकाऐवजी कागद वापरण्याचा प्रघात आजही टिकून आहे. संगणकावरील पहिलीच आकृती रेखीव दिसते आणि ती पूर्ण झाल्याचा भास होतो. कच्च्या रेखाटनात मात्र कल्पना चटकन सोडून देता येते.

रेखाटनांतून काही मोजक्या दिशा निवडून त्या संगणकावर सदिश आकृतीच्या स्वरूपात काढल्या जातात. सदिश आकृती बिंदू आणि वक्ररेषांच्या गणितावर आधारलेली असल्याने ती कितीही मोठी वा लहान केली तरी तिच्या कडा फाटत नाहीत. आरंभीचे काम केवळ काळ्या-पांढऱ्यात करण्याची पद्धत आहे. रंगाचा आधार काढून घेतल्यावरही चिन्ह ओळखता येत असेल, तरच त्याचा आकार पुरेसा स्वतंत्र मानला जातो. आकाराइतकेच त्याच्या आतील आणि भोवतालच्या मोकळ्या जागेकडेही लक्ष दिले जाते.

### अक्षररचना

मराठी बोधचिन्हात देवनागरी अक्षररचनेला विशेष महत्त्व आहे. रोमन अक्षरे एका आधाररेषेवर उभी राहतात, तर देवनागरी अक्षरे शिरोरेषेखाली टांगलेली असतात. देवनागरीत मात्रा, वेलांट्या आणि अनुस्वार शिरोरेषेच्या वर, तर उकार अक्षराच्या खाली येतात. त्यामुळे एका लिपीसाठी केलेली मांडणी दुसऱ्या लिपीत जशीच्या तशी बसत नाही.

'दिंडोरी' हा शब्द याचे चांगले उदाहरण आहे. त्याच्या आरंभी पहिल्या वेलांटीचा, मध्ये ओकाराच्या कान्याचा आणि शेवटी दुसऱ्या वेलांटीचा असे तीन उभे दंड येतात. शिरोरेषेच्या वर दोन वेलांट्या, एक अनुस्वार आणि एक मात्रा अशी गर्दी होते. खाली एकही उकार नसल्याने तो भाग मोकळा राहतो. लहान आकारात छापताना अनुस्वाराचा ठिपका शेजारच्या वेलांटीत मिसळण्याचा धोका असतो. यासाठी ठिपका किंचित मोठा करणे, वेलांटीची कमान उथळ ठेवणे किंवा 'दिं' आणि 'डो' यांमधील अंतर वाढविणे असे उपाय केले जातात. तीन उभ्या दंडांची लय मात्र चिन्हाला स्वतःचा ठेका देऊ शकते. याच नावाच्या रोमन रूपात अशी लय नसते. म्हणून दोन्ही लिपींतील नावे एकमेकांची नक्कल न करता रेषेची जाडी, कोपऱ्यांची गोलाई आणि एकंदर घनता यांतून सारखी दिसतील अशी घडवली जातात.

मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' हिंदीत प्रचलित असलेल्या रूपांपेक्षा वेगळे आहेत. फॉन्ट निवडताना हा फरक तपासणे आवश्यक असते. तयार फॉन्ट वापरल्यास त्याचा परवाना व्यावसायिक वापरास अनुमती देतो का, हेही पाहावे लागते. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्ता' आणि 'बलू' हे देवनागरी फॉन्ट मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहेत. अनेक रचनाकार मात्र बोधचिन्हासाठी अक्षरे स्वतंत्रपणे रेखाटतात. मराठीत या कामाची समृद्ध परंपरा असून कमल शेडगे यांची नाटकांची आणि नियतकालिकांची शीर्षके, र. कृ. जोशी यांचे अक्षरविषयक संशोधन आणि अच्युत पालव यांचे सुलेखन यांचा तिच्यात ठळक वाटा आहे.

महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांच्या नामफलकाबाबत २०२२ मध्ये झालेल्या कायदादुरुस्तीनुसार फलकावर देवनागरी लिपीतील मराठी मजकूर बंधनकारक असून त्याची अक्षरे इतर लिपींतील अक्षरांपेक्षा लहान असू नयेत. त्यामुळे केवळ रोमन लिपीत आखलेल्या बोधचिन्हाला फलकासाठी नंतर घाईने मराठी रूप जोडावे लागते. दोन्ही रूपे सुरुवातीपासून एकत्र आखल्यास ही अडचण टळते.

### सादरीकरण आणि निवड

किती पर्याय दाखवावेत याबाबत व्यवसायात एकमत नाही. सामान्यतः दोन ते तीन पर्याय दाखविण्याची पद्धत आहे. अमेरिकन रचनाकार पॉल रँड एकच उत्तर देण्याच्या पद्धतीसाठी प्रसिद्ध होते. स्टीव्ह जॉब्स यांच्या 'नेक्स्ट' या कंपनीसाठी १९८६ मध्ये त्यांनी एक लाख डॉलर मोबदल्यात एकच बोधचिन्ह सादर केले आणि त्यामागील विचार एका पुस्तिकेत मांडला. एकच पर्याय देणाऱ्या पद्धतीत अभ्यासाची जबाबदारी पूर्णतः रचनाकारावर येते. अनेक पर्यायांच्या पद्धतीत ग्राहकाला सहभाग मिळतो; मात्र एका पर्यायातील चित्र आणि दुसऱ्यातील अक्षरे जोडण्याची मागणी होऊन दोन्हींचा तोल बिघडू शकतो.

सादरीकरणात बोधचिन्ह कोऱ्या पानावर एकटे न दाखवता खोके, लेबल, फलक आणि मोबाइलचा पडदा यांवर कसे दिसेल हे दाखवले जाते. प्रतिक्रिया 'आवडले' किंवा 'आवडले नाही' या शब्दांत न घेता ब्रीफमधील प्रत्येक मुद्द्यापुढे नोंदवल्यास निवड सुकर होते. 'रंग बदला' या सूचनेमागे 'हा रंग शेजारच्या कंपनीसारखा वाटतो' असे कारण असेल, तर केवळ छटा बदलून प्रश्न सुटत नाही. सूचनेमागील कारण विचारणे हा रचनाकाराच्या कामाचा भाग मानला जातो.

### चाचणी

निवडलेले बोधचिन्ह प्रत्यक्ष वापराच्या कठीण परिस्थितीत तपासले जाते. युरोपला जाणारी द्राक्षे बहुधा अर्धा किलोच्या पारदर्शक पनेटमध्ये भरली जातात आणि असे दहा पनेट पाच किलोच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात मावतात. म्हणजे एकच चिन्ह खोक्याच्या रुंद बाजूवर आणि पनेटच्या छोट्या लेबलावरही वाचता यावे लागते. लेबलावर जात, वजन, उत्पादक देश आणि माग काढण्याचे क्रमांक यांनाही जागा द्यावी लागते.

नागमोडी पुठ्ठ्याच्या खोक्यांवर होणारी छपाई ही मऊ ठशांची असते. कागदाच्या उंचसखल पृष्ठभागामुळे बारीक रेषा तुटतात आणि लहान फटी शाईने भरतात. तपकिरी पुठ्ठ्यावर हलका हिरवा किंवा पिवळा रंग मळकट दिसतो. खर्च कमी ठेवण्यासाठी अनेकदा एकाच रंगात छपाई केली जाते. म्हणून एकरंगी रूप, गडद पार्श्वभूमीवरील उलटे रूप आणि अतिलहान आकारासाठी सुलभ केलेले रूप स्वतंत्रपणे तयार केले जाते. नमुना खोके छापून पाहिल्याशिवाय अंतिम संमती देऊ नये, असा संकेत आहे.

केवळ रंगावर अवलंबून असलेले चिन्ह रंगांधत्व असलेल्या व्यक्तींना ओळखता येत नाही. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावरील शाकाहारी आणि मांसाहारी खुणा पूर्वी चौकोनातील हिरवा आणि तपकिरी ठिपका अशा सारख्याच आकाराच्या होत्या. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने नंतर मांसाहारी खुणेसाठी तपकिरी त्रिकोण निश्चित केला. रंगातील फरकाला आकाराची जोड देण्याचे हे परिचित उदाहरण आहे.

### हस्तांतरण आणि नियमपुस्तिका

अंतिम संमतीनंतर रचनाकार ग्राहकाला सर्व फाइली सुपूर्द करतो. त्यांत सदिश स्वरूपातील मूळ फाइल, पीडीएफ आणि एसव्हीजी, पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी तसेच छपाईसाठी सीएमवायके आणि पडद्यासाठी आरजीबी रंगांतील रूपे असतात. केवळ जेपीजी फाइल मिळालेल्या ग्राहकाला मोठा फलक करताना किंवा छापखाना बदलताना चिन्ह पुन्हा रेखाटून घ्यावे लागते आणि दर वेळी त्याचा आकार थोडा बदलत जातो.

फाइलींसोबत नियमपुस्तिका दिली जाते. चिन्हाभोवती किती जागा मोकळी ठेवावी, त्याचा किमान आकार किती, रंगांचे अचूक प्रमाण काय आणि कोणते बदल करू नयेत, हे तिच्यात नमूद असते. लहान संस्थेसाठी दोन-तीन पानांची पुस्तिकाही पुरेशी ठरते.

## स्वामित्व आणि नोंदणी

बोधचिन्हावर दोन वेगवेगळ्या कायद्यांनुसार हक्क निर्माण होतात. ते परस्परांहून भिन्न आहेत.

प्रताधिकार: बोधचिन्ह ही कलाकृती असल्याने तिला प्रताधिकार अधिनियम, १९५७ लागू होतो. रचनाकार संस्थेचा पगारी कर्मचारी असेल, तर वेगळा करार नसल्यास प्रताधिकार नियोक्त्याकडे जातो. स्वतंत्र व्यावसायिकाने केलेल्या कामात मात्र प्रताधिकाराचा पहिला धनी सामान्यतः रचनाकार असतो. मोबदला दिल्यामुळे तो हक्क ग्राहकाकडे आपोआप जातोच असे नाही. कायद्याच्या कलम १९ नुसार हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीसह असावे लागते. त्यात कालावधी नमूद नसल्यास तो ५ वर्षे आणि प्रदेश नमूद नसल्यास तो भारतापुरता मानला जातो. द्राक्षे परदेशी पाठविणाऱ्या उत्पादक कंपनीसाठी या दोन तरतुदी महत्त्वाच्या आहेत. 'संपूर्ण जग' आणि 'प्रताधिकाराचा संपूर्ण कालावधी' हे शब्द करारात नसल्यास निर्यातीच्या खोक्यांवरील वापराबाबत वाद उद्भवू शकतो.

व्यापारचिन्ह: बाजारात ते चिन्ह वापरण्याचा अनन्य अधिकार व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ नुसार नोंदणीने दृढ होतो. वस्तू आणि सेवांचे ४५ वर्ग केलेले आहेत. ताजी फळे ३१ व्या, मनुके २९ व्या, फळांचे रस ३२ व्या आणि वाइन ३३ व्या वर्गात येते. त्यामुळे द्राक्षांसाठी केलेली नोंदणी मनुके किंवा वाइन यांना आपोआप लागू होत नाही. ऑनलाइन अर्जासाठी २०१७ च्या नियमांनुसार प्रत्येक वर्गामागे व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांना ४,५०० रुपये, तर इतरांना ९,००० रुपये शुल्क ठरविण्यात आले. स्वीकृत अर्ज व्यापारचिन्ह नियतकालिकात प्रसिद्ध झाल्यापासून ४ महिन्यांत कोणासही हरकत घेता येते. नोंदणी १० वर्षांसाठी असते आणि तिचे नूतनीकरण करता येते. वर्तुळातील इंग्रजी 'आर' ही खूण नोंदणी झाल्यानंतरच वापरता येते. त्याआधी ती वापरणे हा गुन्हा आहे.

केवळ मालाचा प्रकार किंवा स्थळ सांगणारे चिन्ह नोंदणीस अपात्र ठरू शकते. 'द्राक्ष' हा शब्द, घडाचे साधे चित्र किंवा नुसते गावाचे नाव यांवर एका व्यापाऱ्याला सहसा अनन्य हक्क मिळत नाही, कारण इतर उत्पादकांनाही त्यांची गरज असते.

भौगोलिक निर्देशन: 'नाशिक द्राक्षे' आणि 'नाशिक व्हॅली वाइन' यांना भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळालेली आहे. हा हक्क एका कंपनीचा नसून त्या प्रदेशातील उत्पादकांचा सामूहिक हक्क असतो. अशा उत्पादनांसाठीचे राष्ट्रीय बोधचिन्ह १ ऑगस्ट २०१८ रोजी तत्कालीन केंद्रीय वाणिज्य मंत्री सुरेश प्रभू यांच्या हस्ते प्रसिद्ध करण्यात आले. पात्र उत्पादकाच्या खोक्यावर स्वतःचे बोधचिन्ह आणि भौगोलिक निर्देशनाचे चिन्ह अशी दोन चिन्हे एकत्र येऊ शकतात. त्यामुळे स्वतःच्या चिन्हाची रचना करताना या दुसऱ्या चिन्हासाठीही जागा योजावी लागते.

## खुल्या स्पर्धा

शासकीय उपक्रमांसाठी बोधचिन्हे अनेकदा खुल्या स्पर्धेतून निवडली जातात. स्वच्छ भारत अभियानाचे २ ऑक्टोबर २०१४ रोजी प्रसिद्ध झालेले बोधचिन्ह कोल्हापूरचे अनंत खासबारदार यांनी तयार केले आहे. महात्मा गांधींच्या चष्म्याच्या एका काचेत 'स्वच्छ' आणि दुसरीत 'भारत' हे शब्द असून दोन्ही काचांना जोडणारा भाग तिरंगी आहे. परिचित वस्तू, मोजक्या रेषा आणि देवनागरी अक्षरे यांचा मेळ असल्याने ते भिंतींवर हाताने रंगविणेही सोपे ठरले.

रुपयाचे चिन्ह हे बोधचिन्ह नसून चलनाचे लिपिचिन्ह आहे. तरी त्याच्या निवडीची प्रक्रिया या विषयाशी निगडित आहे. केंद्रीय वित्त मंत्रालयाने ५ मार्च २००९ रोजी स्पर्धा जाहीर केली. तीन हजारांहून अधिक प्रवेशिकांतून पाच रचना अंतिम फेरीत पोहोचल्या. आयआयटी मुंबईतील तत्कालीन संशोधक विद्यार्थी डी. उदयकुमार यांची रचना केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारली. देवनागरी 'र' आणि रोमन 'आर' यांचा मेळ तिच्यात आहे. त्याच वर्षी युनिकोडच्या ६.० या आवृत्तीत तिला संकेतांक मिळाला आणि संगणकांवर तिचा वापर शक्य झाला.

स्पर्धेमुळे अनेकांना संधी मिळते आणि उपक्रमाची प्रसिद्धीही होते. मात्र स्पर्धेत ग्राहक आणि रचनाकार यांच्यातील चर्चा होत नाही, तसेच निवड न झालेल्यांचे श्रम विनामोबदला जातात, असा आक्षेप व्यावसायिक रचनाकारांच्या संघटना घेतात. लहान संस्थेने स्पर्धा घेतल्यास नियम, परीक्षक आणि प्रताधिकार हस्तांतरणाच्या अटी आधीच जाहीर करणे आवश्यक ठरते.

## मोबदला आणि बदल

बोधचिन्हाच्या मोबदल्याचा त्याच्या पुढील मूल्याशी थेट संबंध नसतो. 'नायकी'चे बोधचिन्ह १९७१ मध्ये कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने ३५ डॉलर मोबदल्यात तयार केले होते. चिन्हाला मूल्य येते ते मालाच्या दर्जामुळे आणि वर्षानुवर्षांच्या सातत्यपूर्ण वापरामुळे. त्याच कारणाने प्रस्थापित चिन्ह बदलणे जोखमीचे ठरते. 'गॅप' या अमेरिकन वस्त्रकंपनीने ऑक्टोबर २०१० मध्ये आणलेले नवे बोधचिन्ह ग्राहकांच्या विरोधामुळे आठवड्याभरातच मागे घेतले.

जुने चिन्ह बदलण्यापूर्वी त्यातील कोणता घटक लोकांच्या स्मरणात आहे, हे तपासले जाते. अनेकदा तो घटक कायम ठेवून रेषा आणि अक्षरे यांची केवळ डागडुजी केली जाते. शेतमालाच्या बाजारात आडते, खरेदीदार आणि हमाल खोक्याचा रंग व आकार यांवरून माल ओळखत असल्याने असा संयत बदल अधिक व्यवहार्य ठरतो.

## हेही पाहा

* दिंडोरी
* व्यापारचिन्ह
* प्रताधिकार
* भौगोलिक निर्देशन
* देवनागरी
* सुलेखन